विषय उंबऱ्याच्या आतच असतो

(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त वडोदरा येथे भरलेल्या कौटुंबिक संमेलनातील भाषण)



या स्मरणिकेसाठी लेख मागावयास कार्यकर्ते घरोघर गेले, तेव्हा बहुतेकांनी एकच उत्तर दिले म्हणे : “लिहायचे मनात आहे हो, पण विषयच सुचत नाही.” म्हणून आज मला या विषयावर बोलण्याची आज्ञा झाली आहे. मी काही साहित्यिक नव्हे. कचेरीत कारकुनी करून निवृत्त झालेला मनुष्य. परंतु विषय न सुचण्याच्या दुखण्याचा मला पुष्कळ वर्षांचा अनुभव आहे, एवढाच माझा अधिकार.

तरुणपणी मी चांदण्यावर लिहीत असे, समुद्रावर लिहीत असे. समुद्र मी तोवर पाहिलेला नव्हता! ते लेख साभार परत येत. आणि त्याच सुमारास घरात एक लेखिका रोज रात्री कंदिलाशी बसून लिहीत होती, हे मात्र माझ्या ध्यानी आले नाही. ती माझी आई. ती जमाखर्चाची वही लिही.

आईच्या माघारी घर आवरताना तिच्या वह्यांचा गठ्ठा निघाला. दूध, कोथिंबीर, परीट, दळण! यात काय जपायचे, असे म्हणून मीच तो रद्दीत घातला. पुढे कितीतरी वर्षांनी जुनी ट्रंक झाडताना तळाशी अंथरलेली एक वही हाती लागली. १९५६ सालची. आणे-पैचा हिशेब, नवे पैसे अजून यायचे होते. दिवाळीच्या महिन्यात साखरेच्या आकड्यापुढे बारीक अक्षरांत लिहिले होते : “पगार लांबला. निम्मीच आणली. मुलांस कळू दिले नाही.”

मी तेव्हा दहा वर्षांचा होतो. त्या दिवाळीत आई करंजीला हात लावीना. “मला गोड सोसत नाही,” म्हणे. आम्ही भावंडांनी तिच्या वाटणीचेही खाल्ले आणि पुढे जन्मभर आईला गोड आवडत नाही असेच समजत राहिलो. त्या तीन वाक्यांनी मला माझी आई नव्याने कळली. बाकीच्या वह्यांत काय होते, हे आता कोणालाही कळणार नाही. कारण त्या मी विकल्या.

मंडळी, लिहिण्याचा विषय म्हणतात तो असा साखरेच्या आकड्यापुढे बसलेला असतो. मोठ्या माणसांनीही तो तिथेच शोधला. चिं. वि. जोशी (१८९२-१९६३) आपल्या याच गावी कॉलेजात पाली शिकवीत. त्यांच्या व्यासंगाचा विषय प्राचीन. पण महाराष्ट्राला त्यांनी हसविले ते चिमणराव, गुंड्याभाऊ आणि काऊ यांच्या घरगुती फजितीवर. असे चिमणराव त्या काळी दांडिया बाजारात काय नि रावपुऱ्यात काय, घरोघर होते. पाहणारा मात्र एकच निघाला.

बहिणाबाई चौधरींना (१८८०-१९५१) तर अक्षरओळखही नव्हती. जळगावकडच्या त्या शेतकरी बाईने जाते, चूल, शेत, विहीर यांतूनच आपली गाणी रचली. ती घरातल्यांनी उतरून घेतली म्हणून वाचली आणि १९५२ साली आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तकरूपाने आली. जी कोणी टिपली नाहीत ती त्यांच्याबरोबरच गेली. रचणारीइतकेच टिपणाऱ्याचेही मोल आहे, ते यासाठी.

आता आपल्याकडे पाहू. संक्रांतीला आपल्या घरी खाली हळदीकुंकू चाललेले असते आणि वर गच्चीवर पोरे पतंगाच्या पेचात ओरडत असतात. एका ताटात तिळाची वडी आणि शेजारी उंधियू. सासूबाई मराठीत रागावतात आणि नातू गुजरातीत समजूत घालतो. हे चित्र पुण्याच्या लेखकाला दिसणार नाही. ते आपणच लिहिले पाहिजे, आणि लवकर लिहिले पाहिजे. कारण आपल्या नातवंडांपैकी कित्येकांना मराठी बोलता येते, वाचता येत नाही. त्यांना वाचण्याची ओढ लागायची, तर घरातल्या माणसांविषयी काहीतरी लिहिलेले घरात असावयास हवे.

आपल्या न्यासाच्या अहवालांत पन्नास वर्षांच्या देणग्या पैशापैशापर्यंत नोंदलेल्या आहेत. परंतु गरीब विद्यार्थ्याला आठवड्याचा एक वार आपल्या घरी जेवू घालणाऱ्या बायका आपल्यापैकी अनेकांच्या घरांत होऊन गेल्या. त्या दिवशी त्यांनी कुणाच्या ताटातली पोळी कमी केली, ते कोणत्या अहवालात आहे?

तेव्हा माझी विनंती लहानशी आहे. आज घरी गेल्यावर घरातल्या सर्वांत वडील माणसाजवळ बसा आणि एकच प्रश्न विचारा : “तुम्ही कोणती गोष्ट आमच्यापासून लपवून ठेवलीत?” जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत, पाचच ओळींत लिहा. वर तारीख घाला. अलंकार नकोत, शुद्धलेखनाची भीती नको. आणि माळ्यावर एखादी जुनी हिशेबाची वही असेल, तर ती रद्दीवाल्याच्या तराजूत पडण्यापूर्वी एकदा वाचा.

माझ्याजवळची ती एक वही मी आज बरोबर आणली आहे. सभा संपल्यावर ज्यांना पाहावयाची असेल त्यांनी अवश्य पाहावी. पाने जीर्ण झाली आहेत, तेवढी हळू उलटावीत.