कामाची पारख : एक शास्त्र आणि एक व्यवसाय

(पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



दहावी-बारावीचे निकाल लागले की पालक आम्हा शिक्षकांकडे एकच प्रश्न घेऊन येतात, "सर, पुढे काय?" विज्ञान घेतले तर डॉक्टर किंवा इंजिनिअर, वाणिज्य घेतले तर बँक आणि कला शाखा घेतली तर शिक्षकी पेशा, या चाकोरीपलीकडे आपली नजर सहसा जात नाही. त्यातून एखाद्या मुलीने मानसशास्त्राचे नाव काढले, तर घरात काळजी पसरते. मानसशास्त्र म्हणजे वेड्यांचा अभ्यास, असा आपल्याकडे सरसकट समज आहे. आज मी या शास्त्राच्या ज्या शाखेविषयी बोलणार आहे, तिचा संबंध इस्पितळाशी नसून कारखाना, कचेरी आणि दुकान यांच्याशी आहे. तिचे नाव औद्योगिक व संघटनात्मक मानसशास्त्र.

कोणाला कोणते काम द्यावे? काम कसे वाटावे? थकवा आणि अपघात कशाने वाढतात? नोकरीसाठी माणूस निवडताना काय पाहावे? हे प्रश्न जुनेच आहेत आणि प्रत्येक मालकाजवळ व मुकादमाजवळ त्यांची उत्तरेही तयार असतात. या शास्त्राचे म्हणणे एवढेच, की उत्तर अंदाजाने देऊ नका. पाहा, मोजा, पडताळा आणि मग बोला.

याचे एक उदाहरण आपल्या शेजारच्या गुजरातमधील आहे. १९५३ साली अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे संशोधक ए. के. राइस आले. गिरणीने नवे स्वयंचलित माग बसवले होते, पण अपेक्षेप्रमाणे उत्पादन निघत नव्हते. मालकवर्गाने अशा वेळी काय म्हटले असते, हे सांगायला नको. कामगार आळशी आहेत, असेच! राइस यांनी कामगारांना दोष न देता कामाची वाटणी तपासली. २२४ माग आणि २९ कामगार. त्यांची कामे मात्र बारा प्रकारची. विणकराकडे दोन-तीन डझन माग, तुटलेले धागे सांधणाऱ्याकडे साठ-सत्तर, जॉबरकडे शंभराहून अधिक. त्यामुळे कोणाचा जोडीदार कोण, याचा पत्ता नव्हता. एका मागावर बिघाड झाला तर ती जबाबदारी नेमकी कोणाची, हेही ठरत नव्हते.

राइस यांनी सुचवले, की ठरावीक माग एका लहान गटाकडे सोपवावेत आणि त्या मागांचे सगळे काम त्या गटाने मिळून पाहावे. कामगारांनी ही कल्पना उचलून धरली आणि आपले गट आपणच बनवले. घडी बसल्यावर मागांची कार्यक्षमता सुमारे ८० टक्क्यांवरून सुमारे ९५ टक्क्यांवर गेली आणि खराब कापडाचे प्रमाणही बरेच घटले. यंत्रे तीच होती, माणसेही तीच होती. बदलली होती ती कामाची मांडणी. भिवंडी-मालेगावच्या यंत्रमागांशी ज्यांचा संबंध आहे, त्यांना यातील मर्म वेगळे समजावून सांगायला नको.

परंतु मित्रांनो, गोष्ट इथे संपत नाही. पुढे काही अभ्यासकांनी शंका काढली, की मजुरीही त्याच सुमारास वाढली होती. मग सुधारणेचे श्रेय गटाला द्यायचे की पैशाला? एरिक मिलर यांनी १९७० पर्यंतचा मागोवा घेऊन १९७५ साली लिहिले, की एका खात्यात गटपद्धत टिकून राहिली, इतरत्र मात्र ती बरीचशी ढासळली. आपण केलेल्या कामाची अशी तपासणी जो होऊ देतो आणि तिला आकड्यांनी उत्तर देतो, त्यालाच तज्ज्ञ म्हणावे. दोन दिवसांच्या शिबिराचे प्रमाणपत्र भिंतीवर लावल्याने कोणी तज्ज्ञ होत नाही. सही पाहून माणसाचा स्वभाव सांगणारे आज गल्लोगल्ली आहेत. कामातील यशाचा अंदाज घेण्यासाठी हस्ताक्षराचा जवळजवळ काहीच उपयोग होत नाही, असे संशोधनात दिसून आले आहे.

आता निवडीच्या प्रश्नाकडे वळू, कारण आपल्या मुलांच्या पोटापाण्याचा प्रश्न तिथेच अडतो. १९९८ साली अमेरिकेतील फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर यांनी ८५ वर्षांच्या संशोधनाचा आढावा घेऊन निवडीच्या कोणत्या पद्धती किती भरवशाच्या, हे मांडले. २०२२ साली पॉल सॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेच हिशेब नव्याने तपासले. अनेक आकडे खाली आले आणि शिस्तबद्ध मुलाखत सर्वांत वर आली. शिस्तबद्ध मुलाखत म्हणजे काय? कामाचा अभ्यास करून प्रश्न आधी ठरवायचे, ते प्रत्येक उमेदवाराला सारखेच विचारायचे आणि गुणही आधी ठरवलेल्या कसोटीनेच द्यायचे. "गाव कुठले? वडील काय करतात?" अशा गप्पांच्या मुलाखतीपेक्षा ही पद्धत योग्य माणूस अधिक अचूकपणे निवडते.

याचे मोल आपल्याला अधिक का वाटावे, तेही सांगतो. आपल्या अमरावती जिल्ह्यातून पुढे आलेले अर्थशास्त्रज्ञ सुखदेव थोरात आणि अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञ पॉल ॲटवेल यांनी २००७ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. खासगी नोकऱ्यांच्या ५४८ जाहिरातींना ६६ आठवड्यांत ४,८०८ अर्ज पाठवण्यात आले. पात्रता सारखीच, फरक होता तो नावांचा. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला बोलावणे येण्याची शक्यता सुमारे दोन-तृतीयांश होती आणि मुस्लिम नावाला सुमारे एक-तृतीयांश. हे ऐकून मन खट्टू होते, यात शंका नाही. पण नीट विचार करा. आपण वर्षानुवर्षे चहाच्या टेबलावर ही तक्रार करत आलो. ती मोजली गेली, तेव्हाच तिला पुराव्याचे बळ आले. आणि नावाऐवजी कामाची पारख कशी करावी, ही पद्धत ज्याच्या हाती आहे, तो या दुखण्यावर इलाजही सुचवू शकतो. ज्यांचा वशिला नाही, त्यांना न्याय्य निवडीची गरज सर्वांत जास्त असते. मग ती निवड घडवणाऱ्यांमध्ये आपली मुले-मुली का नसावीत?

मुलींविषयी एक उदाहरण मुद्दाम देतो. कमला चौधरी यांना तरुणपणीच वैधव्य आले. त्यांनी अमेरिकेत मिशिगन विद्यापीठातून पीएच.डी. केली, अहमदाबादच्या 'अटिरा' या कापड संशोधन संस्थेत गिरणीतील मानवी संबंधांचा अभ्यास केला आणि १९६१ साली सुरू झालेल्या अहमदाबादच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंटच्या उभारणीत मोलाचा वाटा उचलला. हा काळ लक्षात घेतला, म्हणजे त्यांच्या जिद्दीची कल्पना येते.

आता वाट कशी आहे, ते पाहू. बारावीनंतर मानसशास्त्र घेऊन पदवी, मग औद्योगिक मानसशास्त्र हा विषय घेऊन एम.ए. मुंबई विद्यापीठात उपयोजित मानसशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे. संशोधनाकडे जायचे असेल, तर नेट परीक्षा आणि तिच्यातून मिळणारी संशोधनवृत्ती यांची माहिती आधीपासून ठेवावी. पीएच.डी.ला किमान तीन वर्षे लागतात. प्रत्यक्षात बहुधा त्याहून अधिक. व्यवस्थापन संस्थांमध्येही संघटनात्मक वर्तन या विषयात पीएच.डी. करता येते आणि तिथे विद्यावेतन मिळते. रुग्णांवर उपचार करणाऱ्या मानसशास्त्रज्ञाचे शिक्षण आणि नोंदणी वेगळी असते. त्या वाटेशी या वाटेची गल्लत करू नये.

दोन गोष्टी स्पष्टच सांगतो. पहिली, कला शाखा घेतली म्हणजे गणित सुटले, असे मानणाऱ्यांसाठी हा विषय नाही. संख्याशास्त्राशिवाय इथे पाऊल पुढे पडत नाही. दुसरी, 'औद्योगिक मानसशास्त्रज्ञ' अशी पाटी असलेल्या जागा आपल्याकडे थोड्या आहेत. काम मात्र मनुष्यबळ विभागात, प्रशिक्षणात, चाचण्या तयार करणाऱ्या कंपन्यांत, सल्लागार संस्थांत आणि महाविद्यालयांत विखुरलेले आहे. ते शोधावे लागते.

मात्र आपल्या मुलांकडे एक भांडवल असे आहे, की ज्याची किंमत आपल्यालाच ठाऊक नाही. घरी एक बोली, शाळेत मराठी, बाजारात हिंदी, वाचनात उर्दू आणि इंग्रजी. परदेशात तयार झालेली चाचणी नुसती भाषांतर करून भागत नाही. इथल्या माणसाला तो प्रश्न कसा समजतो, हे पाहून ती नव्याने पडताळावी लागते. यंत्रमागाच्या खडखडाटात बारा तास उभा राहणारा कामगार, रात्रपाळीचा ड्रायव्हर, घरी बसून शिलाई-भरतकाम करणारी बाई यांच्याशी त्यांच्याच बोलीत बोलून अचूक माहिती गोळा करणारा संशोधक तयार व्हायला हवा. तो आपल्या वस्तीतून यावा, यात नवल ते काय?

पालकांना माझी विनंती आहे, की मुलगा किंवा मुलगी हा विषय मागेल, तेव्हा "याने पोट भरेल का?" हा प्रश्न जरूर विचारा, तो विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे. पण त्याचबरोबर "तू संख्याशास्त्र शिकशील का? सात-आठ वर्षे धीर धरशील का?" हेही विचारा. उत्तर मनापासून 'हो' असेल, तर आडकाठी करू नका. आणि विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही सुरुवात आजच करू शकता. वडील, मामा किंवा शेजारी जिथे राबतात, तिथे एक दिवस नुसते उभे राहून त्यांचे काम नीट पाहा आणि वहीत लिहून काढा. कोण कशासाठी थांबते, कोणाला कोणाची वाट पाहावी लागते, चूक कुठे होते, याची नोंद करा. राइस यांनी अहमदाबादेत कामाची सुरुवात अशाच निरीक्षणाने केली होती.