अपग्रेडच्या आधीचा रीबूट

कार्यक्रमपत्रिकेत माझा विषय 'व्हर्च्युअलायझेशन सॉफ्टवेअरच्या अपग्रेडनंतर सर्व्हर बूट न होणे : कारणे आणि उपाय' असा छापला आहे. कारणं पुष्कळ आहेत आणि उपायही पुष्कळ आहेत, पण मी इथे एकच गोष्ट पटवून द्यायला उभा आहे. अपग्रेडनंतर जो सर्व्हर उठत नाही, तो बऱ्याचदा अपग्रेडच्या आधीच न उठण्याच्या अवस्थेत गेलेला असतो. वर्ष-दोन वर्षं तो बंदच झालेला नसतो, म्हणून कोणाला त्याचा पत्ता नसतो. अपग्रेडमुळे रीबूट करावा लागतो, जुनं दुखणं बाहेर येतं आणि आळ अपग्रेडवर जातो. म्हणून माझा आग्रह आहे की अपग्रेडची पहिली पायरी म्हणजे काहीही न बदलता केलेला एक रीबूट. सर्व्हर इतके दिवस बंद पडला नाही, हे आपण अभिमानाने सांगतो. त्याचा दुसरा अर्थ असा की तो पुन्हा सुरू होतो का, हे तितकेच दिवस कोणी पाहिलेलं नाही.

फर्मवेअर, बूटलोडर, कर्नल, रूट फाइलसिस्टिम आणि मग सेवा, ही साखळी या सभागृहाला नव्याने सांगायला नको. थेट उदाहरणाकडे येतो. व्हिएन्नाच्या कंपनीचं प्रॉक्समॉक्स आपल्यापैकी अनेकजण वापरतात. नोव्हेंबर 2023मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर घेतल्यानंतर बऱ्याच कचेऱ्या प्रॉक्समॉक्सकडे वळल्या. त्याची आठवी आवृत्ती जून 2023मध्ये आली. सातवी डेबियन 11वर उभी होती, आठवी डेबियन 12वर. म्हणजे हा साधा अपग्रेड नव्हे, घराचा पायाच बदलायचा होता. या उडीच्या वेळी काही होस्ट काळ्या पडद्यावर अडकत. पडद्यावर एक लांबलचक ओळखक्रमांक आणि 'डिस्क सापडली नाही' अशा अर्थाची एक ओळ, त्याखाली ग्रब या बूटलोडरचा रेस्क्यू प्रॉम्प्ट. हे वाचून कोणाचाही हात आधी डिस्ककडे जातो, मग केबलकडे, मग रेड कंट्रोलरकडे. डिस्क मात्र ठणठणीत असते. खोट ग्रबच्या वाचण्यात असते.

ती खोट नीट समजून घेण्यासारखी आहे. कोणता व्हॉल्यूम डिस्कवर कुठे आहे, याची नोंद एलव्हीएम हा लिनक्सचा व्हॉल्यूम व्यवस्थापक डिस्कच्या सुरुवातीच्या एका छोट्या जागेत ठेवतो. ती जागा म्हणजे ठरावीक पानांची वही समजा. बदल झाला की जुनी नोंद खोडायची नाही, तिच्यापुढे संपूर्ण नवी नोंद लिहायची. नवीन व्हर्च्युअल मशीनची डिस्क बनवली की एक नोंद, एलव्हीएम-थिनवर स्नॅपशॉट घेतला की एक नोंद, तो पुसला की आणखी एक. वही संपली की पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात. कधीतरी असं होणारच की चालू नोंद शेवटच्या पानावर सुरू होईल आणि तिचा उरलेला भाग पहिल्या पानावर येईल. एलव्हीएमला हे वाचता येतं. प्रॉक्समॉक्स 7.4 आणि त्याआधीच्या होस्टवरच्या ग्रबला ही तुटलेली नोंद नीट वाचता येत नव्हती. होस्ट युईएफआय पद्धतीने सुरू होणारा आणि रूट एलव्हीएमवर असला, तर नेमका तो क्षण गाठून केलेला रीबूट फसणार. यातली गंमत पाहा. मंगळवारी हा होस्ट बूट न होण्याच्या अवस्थेत असू शकतो, आणि बुधवारी कोणीतरी एक स्नॅपशॉट घेतला की पुन्हा सुस्थितीत येऊ शकतो. दोन्ही दिवशी त्यावरची सगळी मशीनं सुरळीत चालत असतात. कुठे लाल दिवा लागत नाही, लॉगमध्ये ओळ उमटत नाही. ज्या दिवशी रीबूट होईल, त्याच दिवशी हे कळणार. आणि बहुतेकांच्या बाबतीत तो दिवस अपग्रेडचाच असतो, कारण एरवी आपण रीबूट करतच नाही.

उपायही या निदानाला दुजोरा देतो. दुसऱ्या माध्यमावरून मशीन सुरू करायचं, व्हॉल्यूम ग्रुप जागा करायचा आणि त्यात अवघ्या 4 एमबीचा एक तात्पुरता व्हॉल्यूम बनवायचा. त्या व्हॉल्यूममध्ये काही ठेवायचं नसतं. त्याच्या निमित्ताने वहीत नवी नोंद होते, ती एकसंध जागी पडते आणि ग्रबला वाचता येते. अपग्रेड मागे घ्यावा लागत नाही, कर्नल बदलावा लागत नाही. अपग्रेडमुळेच हे घडलं असतं, तर अपग्रेडला हात न लावता ते सुटलं नसतं.

याहून बोलका पुरावा पुढे आहे. आठव्या आवृत्तीत ग्रबची ही खोट दुरुस्त झाली. पण आयएसओवरून बसवलेल्या अशा अनेक जुन्या होस्टवर युईएफआयसाठीचं ग्रबचं मुख्य पॅकेज नव्हतंच, बायोससाठीचं होतं. त्यामुळे अपग्रेड पूर्ण व्हायचा, नवा ग्रब डिस्कवर यायचा, आणि ईएफआय पार्टिशनमध्ये मात्र जुनाच बूटलोडर राहायचा. म्हणजे बूट अडायचं ते अपग्रेडने न बदललेल्या भागापाशीच. हे पॅकेज वेगळं बसवा, असं प्रॉक्समॉक्सच्या मार्गदर्शिकेत लिहिलं आहे, आणि सात-ते-आठची तपासणी करणारी त्यांची स्क्रिप्टही तसा इशारा देते. तो इशारा पिवळ्या अक्षरांत असतो आणि आपण लाल अक्षरं नाहीत म्हणून पुढे जातो. इथे काहीजण हसलेत, पण ही सवय महागात पडते.

आता आक्षेप. मागून एक चिठ्ठी आली आहे : 'मग चालतंय ते चालू द्यावं, अपग्रेडच करू नये.' हा विचार आपल्या कचेऱ्यांमध्ये मुरलेला आहे, म्हणून त्याला नीट उत्तर देतो. 14 फेब्रुवारी 2023 रोजी मायक्रोसॉफ्टचा विंडोज सर्व्हर 2022साठीचा मासिक अपडेट आला. त्यानंतर व्हीएमवेअरच्या ईएसएक्सआय 7.0 या हायपरवायझरवर सिक्युअर बूट चालू असलेली काही व्हर्च्युअल मशीनं उठेनात. नव्या बूटलोडरवरची डिजिटल सही जुन्या हायपरवायझरच्या फर्मवेअरला पटेना, आणि लॉगमध्ये ती फाइल नाकारल्याची नोंद दिसे. मशीनमधून अपडेट काढून टाकूनही उपयोग नव्हता. एक तर सिक्युअर बूट बंद करायचं, नाही तर व्हीएमवेअरने 21 फेब्रुवारीला आणलेला 7.0 अपडेट 3के बसवायचा. ईएसएक्सआय 8.0वर आधीच गेलेल्यांना ही अडचण आलीच नाही. तिथे हायपरवायझरचा अपग्रेड हेच औषध होतं. आपण खालचा मजला जसाच्या तसा ठेवला, तरी वरचा मजला बदलतच राहतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. काही वेळा दोष खरोखर अपग्रेडचाच असतो. नव्या कर्नलबरोबर नेटवर्क कार्डाचं नाव बदलतं, ब्रिजच्या फाइलमध्ये जुनंच नाव असतं आणि होस्ट नेटवर्कवरून नाहीसा होतो. कर्नल 6.8मध्ये इंटेलचं आयओएमयू आपोआप चालू झालं आणि काही यंत्रं त्यावर अडखळली. इथे आधीच्या रीबूटचा काय फायदा? फायदा आहे, आणि तो मोठा आहे. आधीचा रीबूट नीट झाला असेल, तर आता जे बिघडलं ते मधल्या तासाभरात बदललेल्या गोष्टींपैकीच आहे, हे आपल्याला ठाऊक असतं. मग कन्सोलवर जाऊन पाहायचं की होस्ट उठलाच नाही, की उठला पण नेटवर्कवर दिसत नाही. या दोन्हींना आपण सर्रास 'सर्व्हर उठत नाही' म्हणतो आणि रात्र वाया घालवतो. कन्सोलवर लॉगिन दिसत असेल तर ग्रबकडे पाहायचंच नाही, कार्डाच्या मॅक पत्त्यावरून नाव पक्कं करायचं. कर्नल सुरू होऊन अडकत असेल तर ग्रबच्या यादीतून जुना कर्नल निवडायचा आणि तोच पिन करायचा. आधीचा रीबूट केलाच नसेल, तर मात्र दोन वर्षांतला कुठलाही बदल संशयित ठरतो.

तिसरा आक्षेप वेळेचा. बँक असो की रुग्णालय, दोनदा बंद ठेवायला कोणी परवानगी देत नाही. ही अडचण खरी आहे. पण क्लस्टर असेल तर मशीनं दुसऱ्या होस्टवर हलवून पहिला रीबूट कोणालाही न कळता करता येतो. एकच होस्ट असेल तर तो रीबूट आठवडाभर आधी, वेगळ्या रात्री करावा. त्या रात्री फसला तर निदान एकच प्रश्न समोर असतो.

अध्यक्षांनी घड्याळाकडे बोट दाखवलं आहे, त्यामुळे व्हीएमवेअरवरून प्रॉक्समॉक्सवर आणलेल्या विंडोज मशीनचा निळा पडदा आज राहू द्या. तिथे बहुधा व्हर्टआयओ ड्रायव्हर नसतो, एवढंच सांगतो. पण सावध माणसाकडूनच होणारी एक चूक सांगायलाच हवी. अपग्रेडपूर्वी सुरक्षिततेसाठी आपण स्नॅपशॉट घेतो. मघाशी पाहिलं तसं स्नॅपशॉट म्हणजे वहीतली नवी नोंद. रीबूट करून मग स्नॅपशॉट घेतलात, तर तुम्ही तपासलेली अवस्था आणि अपग्रेड सुरू करताना असलेली अवस्था वेगळी झाली. म्हणून क्रम असा : आधी बॅकअप आणि स्नॅपशॉट, मग रीबूट, मग अपग्रेड, आणि ग्रबचं योग्य पॅकेज बसेपर्यंत व्हॉल्यूममध्ये कसलीही ढवळाढवळ नाही. आधीच्या रीबूटला आठवडा झाला असेल आणि तेवढ्यात स्नॅपशॉट घेतले गेले असतील, तर त्याची खात्री तितकी कमी धरा.

आणखी एका चिठ्ठीत विचारलं आहे : होस्ट दूरच्या इमारतीत आहे, रिमोट कन्सोल नाही, तर काय? तर त्या दिवशी अपग्रेड करू नका. रेस्क्यू माध्यम लावायला यंत्रासमोर माणूस लागतो. तो माणूस आणि ते माध्यम आधी तिथे पोचवा. आणि तो 4 एमबीचा व्हॉल्यूम बनवून होस्ट उठला, तर नीटनेटकेपणाच्या हौसेने लगेच पुसायला जाऊ नका. पुसणं हीही वहीतली नोंदच आहे. युईएफआयचं ग्रब पॅकेज बसवा, पुन्हा एकदा रीबूट करून बघा, मग पुसा.