दोष ठेवण्यापूर्वी मोजून पाहा

(संस्थेच्या वार्षिक समारंभात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)





चिटणीस साहेबांनी मला बोटीवरील जीवनाविषयी चार शब्द बोलावयास सांगितले होते. ते जीवन तुम्हाला नवीन नाही. आपल्या गावांत असे घर विरळा, की ज्यातील कोणी बोटीवर गेलेले नाही. म्हणून मी एवढ्याच एका गोष्टीविषयी बोलणार आहे, की जिचा अनुभव तुम्हा सर्वांना आहे, परंतु जिचे कारण फारसे कोणी विचारीत नाही.

बोटीवरच्या मुलाचा फोन येतो. तुम्ही विचारता, "जेवलास का?" पलीकडे शांतता. तुम्हाला वाटते, त्याला ऐकू गेले नाही. तुम्ही पुन्हा विचारता, तोच त्याचे पहिले उत्तर येऊन धडकते. दोघे एकदम बोलतात, दोघे एकदम गप्प होतात. फोन ठेवल्यावर आई म्हणते, "पोराचे बोलण्यात लक्षच नव्हते." त्या शांततेत मुलाचा काही दोष होता का? आजचा माझा विषय तोच आहे.

मी १९८६ साली रेडिओ ऑफिसर म्हणून बोटीवर चढलो. मोर्सच्या कट्‌कट्‌वर आमची भाकरी होती. १ फेब्रुवारी १९९९ पासून समुद्रावरील संकट-संदेशांची नवी जागतिक व्यवस्था पूर्णपणे लागू झाली आणि आमची जागाच राहिली नाही. चाळिशीकडे झुकलेल्या वयात मी पुन्हा पुस्तके उघडली, आणि पुढे निवृत्त होईपर्यंत बोटीवरील उपग्रहाची यंत्रणा सांभाळली.

पहिली गोष्ट अशी, की इंटरनेटचा वेग आणि इंटरनेटचा विलंब या दोन निरनिराळ्या बाबी आहेत. मुंबईहून रत्नागिरीला पत्रांच्या पोत्यांनी भरलेला ट्रक निघाला, तर एका खेपेत लाखभर पत्रे पोहोचतील. माल पुष्कळ गेला. परंतु एका पत्राचे उत्तर हाती यावयास दोन दिवस लागतील ते लागतीलच. सिनेमा उतरवून घेणाऱ्याला ट्रकचा आकार महत्त्वाचा. बोलणाऱ्याला उत्तर किती वेळात आले हे महत्त्वाचे. "आमचे नेट फास्ट आहे, तरी फोन अडकतो," असे म्हणणारा माणूस या दोन गोष्टी एक समजतो.

आता विलंब का होतो? माझ्या अनुभवात त्याची तीन कारणे सापडली: अंतर, आडवाट आणि रांग.

अंतराचे गणित आठवीतला मुलगा करील. विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर ठेवलेला उपग्रह पृथ्वीबरोबरच फिरतो, म्हणून तो आपल्याला आकाशात एका जागी स्थिर दिसतो. अशा तीन उपग्रहांनी साऱ्या जगाशी संपर्क साधता येईल, ही कल्पना आर्थर क्लार्क यांनी १९४५ साली मांडली. परदेशांशी अशा उपग्रहामार्फत संपर्क साधणारे भारताचे पहिले भूकेंद्र १९७१ साली आपल्याच पुणे जिल्ह्यात, आर्वी येथे सुरू झाले. संदेश वर जाणार आणि खाली येणार, म्हणजे ७१,५७२ किलोमीटर. प्रकाशाचा वेग सेकंदाला २,९९,७९२ किलोमीटर. भागाकार करा, जवळजवळ पाव सेकंद येतो. उत्तराला परत तेवढाच. म्हणजे अर्धा सेकंद निव्वळ प्रवासात गेला. तिरका मार्ग आणि यंत्रांचा वेळ धरला, म्हणजे सहाशे मिलिसेकंद किंवा थोडे अधिक होतात. हा विलंब कोणा कंपनीला पैसे देऊन कमी होत नाही. त्याला उपाय एकच, उपग्रह खाली आणणे. स्टारलिंकचे उपग्रह सुमारे ५५० किलोमीटरवरून फिरतात, म्हणून तेथे हाच फेरा साधारणपणे पंचवीस ते साठ मिलिसेकंदांत पुरा होतो.

याच अंतरामुळे एक गंमत होते. समोरासमोर नांगर टाकलेल्या दोन बोटी. एकीवरचा भाऊ दुसरीवरच्या भावाला इंटरनेटवरून फोन करतो. हात हलविलेला दिसतो, शब्द मात्र अर्ध्या सेकंदाने येतो. कारण त्याचा शब्द आधी उपग्रहावर, तेथून दूरच्या किनाऱ्यावरील केंद्रात, पुन्हा उपग्रहावर आणि मग शेजारच्या बोटीवर उतरतो. शेजाऱ्याला निरोप द्यावयाचा आणि तो तालुक्याच्या कचेरीमार्फत, तसे हे आहे.

दुसरे कारण आडवाट. केनियात स्टारलिंकची सेवा २०२३ साली सुरू झाली. तेथील अनेक ग्राहकांना एक कोडे पडत असे: उपग्रह डोक्यावर, ५५० किलोमीटरवर, मग विलंब शंभर मिलिसेकंदांच्या वर का? आणि काही संकेतस्थळे आपल्याला जर्मनीतला माणूस का समजतात? उत्तर असे, की उपग्रहाने उचललेला संदेश एका उपग्रहावरून दुसऱ्यावर लेझर किरणांनी जात असे, आणि तो जमिनीवरील इंटरनेटला मिळत असे तो जर्मनीतील फ्रँकफर्ट किंवा नायजेरियातील लागोस येथे. नैरोबीहून फ्रँकफर्ट सुमारे ६,३०० किलोमीटर. नैरोबीतल्याच संकेतस्थळाकडे जाणारा संदेश फ्रँकफर्टला उतरून समुद्राखालच्या केबलने पुन्हा आफ्रिकेत येई. २०२५ च्या जानेवारीत नैरोबीतच केंद्र झाले आणि विलंब एकदम खाली आला. ना उपग्रह बदलला, ना छपरावरची डिश. फक्त वाट सरळ झाली.

ही वाट शोधावयाची कशी? दोन साधने आहेत, आणि ती संगणकावर फुकट मिळतात. पहिले पिंग. माइक म्यूस यांनी ते १९८३ साली अमेरिकेत लिहिले. पाणबुडीचा वेध घेणाऱ्या यंत्राच्या आवाजावरून त्याला हे नाव मिळाले. हाक मारावयाची आणि 'ओ' किती वेळाने आली ते मोजावयाचे, एवढेच त्याचे काम. दुसरे ट्रेसराउट, व्हॅन जेकबसन यांचे. इंटरनेटवरील प्रत्येक पॅकेटावर एक आकडा असतो, आणि वाटेतला प्रत्येक राउटर तो एकाने कमी करतो. आकडा शून्यावर आला, की तो राउटर पॅकेट टाकून देतो व पाठविणाऱ्याला तसे कळवितो. मग मुद्दाम आधी एक, मग दोन, मग तीन असे आकडे घालून पॅकेट पाठविली, म्हणजे वाटेतली एकेक चौकी आपले नाव सांगू लागते. पुष्कळदा त्या नावांत शहराची आद्याक्षरे असतात. आपला संदेश कोणत्या देशातून चालला आहे ते त्यांवरून उमगते.

परंतु मित्रांनो, हे साधन वाचावयासही शिकावे लागते. मधल्या एखाद्या चौकीपुढे मोठा आकडा आला आणि पुढच्या चौक्यांचे आकडे लहान असले, तर ती चौकी बिघडलेली नाही. तिला स्वतःच्या कामातून तुम्हाला उत्तर द्यावयास सवड नव्हती, इतकेच. नुसत्या फुल्या आल्या, तर तिने उत्तर देण्याचे नाकारले, वाट तुटली असे नव्हे. आकडा एका चौकीपासून वाढला आणि शेवटपर्यंत वाढलेलाच राहिला, तरच तेथे संशय घ्या.

आता तिसरे कारण, रांग. हे सांगताना मला थोडी लाज वाटते, तरी सांगतो.

२०१७ साली आम्ही अरबी समुद्रात होतो. रोज रात्री साडेसातनंतर बोटीचे नेट गुदमरे. त्याच वेळी आमचा मेसमन, आपल्याच कोकणातला बावीस वर्षांचा मुलगा, बोळात फोन घेऊन बसलेला दिसे. सगळे म्हणू लागले, "हाच व्हिडिओ पाहून नेट खातो." यंत्रणा माझ्या ताब्यात होती. मी त्याला बोलावून झापले. तो म्हणाला, "साहेब, आई आजारी आहे, मी तिच्याशी फक्त बोलतो." माझा विश्वास बसला नाही. मी त्याचे खाते आठ दिवस बंद करविले.

आठ दिवस झाले. नेट रोज साडेसातला गुदमरतच होते. तेव्हा कुठे मला मोजण्याची बुद्धी झाली. पहाटे तीन वाजता पिंग लावले: साडेसहाशे मिलिसेकंद. रात्री आठ वाजता लावले: तीन हजारांवर. उपग्रह काही रात्री पाचपट दूर जात नाही! अंतर बदलले नव्हते. ट्रेसराउटमधली वाटही तीच होती. म्हणजे राहिली रांग. बोटीतून वर जाणाऱ्या अरुंद रस्त्यावर कोणीतरी मालाचे ट्रक उभे केले होते, आणि बोलण्याची लहान पॅकेट त्यांच्यामागे ताटकळत होती. मी एकेका मजल्याचे वाय-फाय बंद करून पाहिले. अधिकाऱ्यांचा मजला बंद करताच आकडा साडेसहाशेवर आला. मग एकेक फोन तपासला. तो फोन माझाच निघाला. जेवण झाल्यावर, साडेसातच्या सुमारास, मी तो चार्जिंगला लावीत असे, आणि चार्जिंगला लागताच तो दिवसभरातले सगळे फोटो आपोआप वर पाठवू लागे.

मी त्या मुलाची सर्वांसमक्ष माफी मागितली. त्याने केली. परंतु त्याच्या आईचे ते आठ दिवस मला परत देता आले नाहीत. त्याची आणि नेट बिघडण्याची वेळ एक होती, एवढ्यावरून मी त्याला गुन्हेगार ठरविले. माझीही वेळ तीच होती. ते माझ्या डोक्यातही आले नाही.

विद्यार्थी मित्रांनो, यातून तुम्ही एक पद्धत घ्या. वही करा. शांत वेळेचा आकडा लिहा आणि गर्दीच्या वेळेचा लिहा. आकडा सदा मोठा आणि स्थिर असेल तर अंतर किंवा आडवाट. मग ट्रेसराउटने वाट पाहा. आकडा वेळेनुसार चढत-उतरत असेल तर रांग. मग एका वेळी एकच गोष्ट बंद करून पाहा. दोन गोष्टी एकदम बदलल्या, तर काहीच कळणार नाही. खालून फिरणाऱ्या उपग्रहांचा आणखी एक स्वभाव ध्यानात ठेवा. स्टारलिंकमध्ये कोणत्या उपग्रहाशी बोलावयाचे ते दर पंधरा सेकंदांनी नव्याने ठरते, म्हणून तेथील आकडा दर पंधरा सेकंदांनी पायरी चढतो किंवा उतरतो. ती पायरी दिसली म्हणून डिश खोलून बसू नका.

पालकांना माझे सांगणे थोडे आहे. २३ डिसेंबर २०२४ पासून लागू झालेल्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार, शक्य तेथवर बोटीवर इंटरनेट द्यावे आणि आकार घेतलाच तर तो वाजवी असावा, असे जहाजमालकांना सांगितलेले आहे. तुमच्या मुलाला त्याविषयी चौकशी करावयास सांगा. फोनवर बोलताना एक वाक्य पुरे करा आणि मनात एक-दोन मोजून थांबा. ती शांतता बहुतेक वेळा रुसवा नसतो. ते सत्तर हजार किलोमीटर असतात.

आणि घरातही तसेच. मुलगा परीक्षेत मागे पडला, की आपण लगेच म्हणतो, "फोन पाहत बसतो म्हणून." असेलही. परंतु कदाचित त्याला फळा नीट दिसत नसेल, कदाचित त्याची शाळेची वाट लांबची असेल, कदाचित घरातलीच कामे त्याच्या पुढे रांग लावून उभी असतील. आधी मोजा, मग बोला. मोजताना पहिला आकडा स्वतःचा घ्या.