अर्धी राहिलेली ओवी



परवा पाबळच्या विज्ञान आश्रमातून परत निघालो, तो एस.टी. थांब्यावर माझा मोबाइल बंद पडला. चहावाल्याने आपला फोन पुढे केला. "लावा सर घरी," म्हणाला. फोन हातात घेतला, पण घरचा नंबर काही केल्या आठवेना! वीस वर्षांचा संसार, आणि बायकोचा नंबर पाठ नाही. तुम्ही हसाल. पण आधी सांगा, तुम्हांला किती नंबर तोंडपाठ आहेत?

२०११ साली अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांचे काही प्रयोग 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. जी माहिती संगणकात जपून राहणार असे लोकांना वाटले, ती त्यांच्या कमी ध्यानात राहिली. ती कुठे ठेवली आहे, हे मात्र बरे राहिले. म्हणजे खरेदीखत कोणत्या ट्रंकेत आहे ते ठाऊक, आत काय लिहिले आहे ते नाही!

पण ही गोष्ट मोबाइलपासून सुरू झाली, असे समजू नका. माझ्या आईचेच सांगतो. मी लहान असताना ती पहाटे जात्यावर बसली, की ओवीमागून ओवी येई. पुढे गावात पिठाची गिरणी आली. कष्ट वाचले, आणि ते वाचायलाच हवे होते. दळून दळून तिचे खांदे भरून येत. परंतु दोन वर्षांपूर्वी मी वही घेऊन बसलो, तर आई चौथ्या ओवीलाच अडली. "अरे, असं नुसतं बसून कुठं आठवतंय?" म्हणाली. मग अडगळीतले जाते काढले, धुतले, मूठभर गहू घातले. खुंट्याला हात लागला, जाते घरघरू लागले, तशा ओव्या येऊ लागल्या. अकरा लिहून घेतल्या. जिच्यात माझ्या आजीचे नाव गुंफले होते, ती मात्र अर्धीच आली. तिचा पुढचा चरण आता घरात कुणालाच येत नाही.

हेमा राइरकर आणि गी पॉइटवाँ यांनी हा धोका वेळीच ओळखला. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगावच्या बायांकडून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. आणि गंमत पाहा, त्या जपायला टेपरेकॉर्डर आणि संगणकच कामी आले! तेव्हा यंत्राला नुसता दोष देऊन चालणार नाही. सगळेच जपावे, असेही नाही. १९५७ साली रुपयाचे शंभर नये पैसे झाले, आणि पावकी-दिडकीची निकड ओसरली. तिच्यासाठी मी तरी गळा काढणार नाही.

पाबळचा आश्रम डॉ. श्रीनाथ कालबाग यांनी १९८३ साली काढला. तिथे मुले शेती, सुतारकाम, विजेची जोडणी हाताने करून शिकतात. हात चालला की डोके धरून ठेवते, हे आईच्या जात्याने मला शिकवलेच होते. शिक्षक मित्रांनो, मुलांना वावराची लांबी आधी पावलांनी मोजू द्या, मनात हिशेब करू द्या. मग मोबाइलवर ताळा पाहा. आणि घरी आजी असेल, जाते असेल, तर दोघांना एकत्र बसवा. वही त्यानंतर काढा.

आमचे जाते आम्ही परत अडगळीत टाकलेले नाही. येत्या संक्रांतीला आई पुन्हा बसणार आहे. बघू, आजीची ओवी पुरी होते का ती.