एकोणतीस मिनिटांची तबकडी

१९७६ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कमध्ये, रेडिओ सिटी म्युझिक हॉलच्या इमारतीतील एका ध्वनिमुद्रणगृहात ‘रमोन्स’ या पंक रॉक वाद्यवृंदाच्या चौघा तरुणांनी आपली पहिली तबकडी मुद्रित केली. खर्च सुमारे ६,४०० डॉलर. त्या काळी नामांकित वाद्यवृंद एकेका तबकडीवर याच्या कितीतरी पट पैसा आणि महिनेच्या महिने घालवीत. येथे आठवडाभरात काम उरकले. १४ गाणी, आणि ती सारी मिळून अवघी २९ मिनिटे!

या काटकसरीला कोणी दारिद्र्य म्हणेल. मला तीत एक मोकळेपणा दिसतो. एका ध्वनिक्षेपकातून बास गिटार, दुसऱ्यातून लयीची गिटार, आणि मधोमध ड्रम व कंठ, अशी तिची मांडणी आहे. एक ध्वनिक्षेपक बंद करावा, की दुसऱ्यातील गिटार उघडी पडते. होतकरू वादकाला याहून उदार गुरू कोठे मिळणार?

अमेरिकेतील विक्रीच्या यादीत मात्र ही तबकडी १११ व्या क्रमांकापलीकडे चढली नाही. पाच लाख प्रतींची ‘सुवर्ण’ मान्यता तिला लाभली ती २०१४ साली. तोवर जोई, डी डी आणि जॉनी हे तिघेही निवर्तले होते. ड्रमवादक टॉमी तेवढा हयात होता. त्याच वर्षीच्या जुलैत तोही गेला.