अर्थशास्त्राचा अभ्यास : विद्यार्थी आंबेडकरांची रीत



अर्थशास्त्र हा विषय का घेतला, असे पदवीच्या वर्गात विचारले तर दोन उत्तरे हमखास मिळतात. कोणी स्पर्धा परीक्षेकडे डोळा ठेवून घेतलेला असतो, तर कोणाला दुसरीकडे प्रवेश मिळालेला नसतो. या दोन्हींत कमीपणाचे काही नाही. चिंतेची बाब निराळी आहे. तीन वर्षे हा विषय शिकलेल्या युवकाच्या हाती राज्याचा अर्थसंकल्प दिला, तर महसुली तूट कोणत्या तक्त्यात शोधायची येथेच त्याची गाडी अडते. व्याख्या पाठ असते, पण ती जिच्याविषयी आहे ती वस्तू त्याने कधी पाहिलेलीच नसते. गाईड आणि तयार नोट्स यांवर पोसलेल्या अभ्यासाचे हे फळ आहे.

यावर उपाय शोधण्यासाठी परदेशी तज्ज्ञांची पुस्तके धुंडाळण्याची गरज नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर राज्यघटनेचे शिल्पकार म्हणून घराघरांत ठाऊक आहेत. परंतु ते मुळात अर्थशास्त्राचे विद्यार्थी होते, आणि कसे विद्यार्थी होते, हे फारसे सांगितले जात नाही.

१९१३ साली महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी दिलेली दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती घेऊन ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. तेथे त्यांनी एकट्या अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम घेतले. त्यांखेरीज इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, शिवाय तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र, राज्यशास्त्र, आणि फ्रेंच व जर्मन भाषांची तोंडओळखही. पदवीसाठी एवढ्याची आवश्यकता नव्हती. पण करपद्धती समजायची तर ती लादणाऱ्या राजवटीचा इतिहास हवा, हे त्या तरुणाला उमगले होते. विषयांच्या भिंती आपल्याकडे वेळापत्रकासाठी उभारल्या जातात आणि मग त्याच खऱ्या वाटू लागतात!

सार्वजनिक वित्तव्यवहाराचे नामांकित अभ्यासक प्रा. एडविन सेलिग्मन हे त्यांचे मार्गदर्शक. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक वित्तव्यवस्थेच्या उत्क्रांतीवरील त्यांचा प्रबंध १९२५ साली ग्रंथरूपाने निघाला, त्याला सेलिग्मन यांचीच प्रस्तावना आहे. १८३३ पासून १९२१ पर्यंत केंद्र आणि प्रांत यांच्यात पैशांची वाटणी कशी होत गेली, याचा तो मागोवा आहे. आधी ठराविक रकमांची नेमणूक, मग काही महसूल प्रांतांकडे सोपवणे, पुढे महसुलात वाटा, असे टप्पे त्यांनी सरकारी कागदपत्रांतून उभे केले. आज वित्त आयोग राज्यांचा वाटा ठरवतो, त्यावरून वृत्तपत्रांत वाद झडतात. त्या वादाचे मूळ ज्याला समजून घ्यायचे आहे, त्याने हा ग्रंथ उघडावा.

आता दुसरा प्रसंग. १९१६ साली ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये गेले. परंतु शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ साली अभ्यास अर्ध्यावर टाकून परतावे लागले. युद्धाचे दिवस होते. त्यांचे सामान घेऊन येणारी बोट पाणतीराने बुडाली आणि जमवलेली पुस्तके समुद्रात गेली. मुंबईत आल्यावर सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून त्यांनी पैसा साठवला. छत्रपती शाहू महाराज आणि नवल भथेना या मित्राचे साहाय्य घेतले आणि १९२० साली पुन्हा लंडन गाठले. ‘आमच्याकडे साधने नाहीत’ अशी तक्रार करणाऱ्यांनी ही तीन वर्षे जरूर आठवावीत.

या मधल्या काळात, १९१८ साली, त्यांनी हिंदुस्थानातील लहान शेतीवर एक निबंध लिहिला. कुटुंबाचा निर्वाह होईल एवढी जमीन म्हणजे किफायतशीर धारणक्षेत्र, असे त्या वेळचे जाणकार म्हणत. बाबासाहेबांनी व्याख्येलाच हात घातला. निर्वाह ही उपभोगाची बाजू आहे, शेती हा तर उत्पादनाचा व्यवसाय. म्हणून तुकडा लहान की मोठा हे त्यावर लागणारे श्रम, भांडवल आणि अवजारे यांच्या प्रमाणावरून ठरवले पाहिजे, असा त्यांचा युक्तिवाद होता. त्यातून पुढचा निष्कर्ष निघाला. केवळ तुकडेजोड करून भागणार नाही, शेतीवरचा माणसांचा अतिरिक्त भार उद्योगांकडे वळला पाहिजे. एक व्याख्या तपासली आणि उपायाची दिशाच बदलली. अभ्यासकौशल्य म्हणतात ते हेच. रंगीत पेनांनी ओळी अधोरेखित करणे नव्हे.

लंडनमधील प्रबंधाचा विषय होता रुपयाचा प्रश्न. जॉन मेनार्ड केन्स यांनी १९१३ सालच्या आपल्या ग्रंथात हिंदुस्थानसाठी सुवर्ण विनिमय परिमाणाची भलामण केली होती. केन्स म्हणजे त्या क्षेत्रातील मोठे नाव. बाबासाहेबांनी त्यांचे मत आदराने मांडले आणि मग आकडेवारीच्या आधारे खोडले. विनिमयाचा दर सांभाळला म्हणजे देशातील रुपयाची खरेदीशक्ती सांभाळली असे होत नाही, आणि गरिबाला झळ लागते ती भावांची, हा त्यांचा मुद्दा. रुपये पाडण्याचा सरकारचा मोकळा हात बांधावा, अशी त्यांची मागणी होती. परीक्षकांनी प्रबंध फेरलेखनासाठी परत केला. त्यांनी मांडणी सुधारली, निष्कर्ष मात्र बदलले नाहीत. १९२३ साली डी.एस्सी. मिळाली आणि त्याच वर्षी ग्रंथही प्रसिद्ध झाला. पुढे हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली, ती याच अभ्यासाच्या बळावर.

मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला आज दोन गोष्टींची धास्ती असते, इंग्रजीची आणि गणिताची. धास्ती खोटी नाही. आजचे अर्थशास्त्र संख्याशास्त्रावाचून चालत नाही, ते पहिल्या वर्षापासूनच शिकावे लागेल. इंग्रजी ग्रंथ वाचताना प्रत्येक परिच्छेदाचा आशय मराठीत एका वाक्यात लिहून ठेवावा. जेथे वाक्य जमत नाही तेथे समजलेले नाही, हे आपोआप कळते. मराठी अर्थशास्त्र परिषदेचे ‘अर्थसंवाद’ चाळले तर परिभाषाही सापडते. राज्य शासनाची ‘महाराष्ट्राची आर्थिक पाहणी’ दरवर्षी निघते. तिच्यातील आपल्या जिल्ह्याचा एखादा तक्ता घेऊन मागील पाहणीशी ताडून पाहावा. आकडा का हलला, हा प्रश्न पडला की प्रकल्पाला विषय मिळाला. पुण्यात १९३० पासून गोखले अर्थशास्त्र संस्था उभी आहे. तेथील धनंजयराव गाडगीळ ग्रंथालयासारखी संपदा जवळ असताना प्रकल्प दुकानातून विकत आणणे हे मात्र अक्षम्य आहे.

बाबासाहेबांचे मुख्य अर्थशास्त्रीय ग्रंथ राज्य शासनाने प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या इंग्रजी लेखनाच्या सहाव्या खंडात एकत्र मिळतात. तो उघडणाऱ्याने रुपयाच्या प्रश्नावरील ग्रंथाची प्रस्तावना आधी वाचावी. ती लिहिली आहे त्यांचे लंडनमधील प्राध्यापक एडविन कॅनन यांनी. शिष्याचे बहुतेक युक्तिवाद आपल्याला पटत नाहीत, हे ते तेथे उघडपणे सांगतात, आणि तरीही त्याच्या विचारांच्या ताजेपणाचे कौतुक करतात. शिष्यानेही ती प्रस्तावना जशीच्या तशी आपल्या ग्रंथाच्या आरंभी छापली.