वीस वर्षांचं प्राचीन मंदिर

जपानमधल्या इसेच्या शिंतो मंदिरात गेलेल्या यात्रेकरूला चार कुंपणांपलीकडे जेमतेम छप्पर दिसतं, आणि तेही २०१३ सालचं! मग याला प्राचीन का म्हणायचं? कारण परंपरेनुसार ६९० सालापासून दर वीस वर्षांनी शेजारच्या रिकाम्या जागेवर हिनोकी लाकडाचं हुबेहूब तसंच मंदिर उभं राहतं आणि थोरल्या सुतारांची विद्या धाकट्यांच्या हाती उतरते. ही विद्याच मला इथला खरा पुरातन ठेवा वाटते. मध्ययुगीन यादवीत शतकभराहून अधिक खंड पडला, हे मान्य. पण प्रथा पुन्हा जोमानं उभी राहिली. लाकडाची नासाडी म्हणाल, तर जुने मुख्य खांब मंदिराच्या वाटेवरच्या उजी पुलाच्या तोरी कमानींना लागतात आणि तिथून वीस वर्षांनी इतर ठिकाणच्या कमानींसाठी जातात.